खिडकीमुक्त प्रभागाकडे

४ जानेवारी, सोमवार
आज मीटिंग. नगरपालिकेचं ॲप आलंय. तक्रार, सूचना, मतदान, सगळं मोबाईलवर. मार्चअखेरपर्यंत ज्या प्रभागातून ॲपवर सहाशे नोंदी होतील, तिथली तक्रार खिडकी कायमची बंद. आमच्या प्रभागाची तक्रार खिडकी म्हणजे मी. एकोणीस वर्षं. मॅडमनी विचारलं, तुम्हाला काही अडचण? म्हटलं, अडचण कसली, सुटलो एकदाचा! लोक येतात, डोकं खातात. तक्रार दोन ओळींची आणि सुरुवात सुनेपासून. सगळे हसले. बऱ्याच दिवसांनी माझ्या बोलण्यावर कोणी हसलं.
संकल्प: एका नागरिकाला दोनच मिनिटं. खिडकीसमोरची खुर्ची हलवायची. सहाशे करून दाखवायचे.

५ जानेवारी, मंगळवार
खुर्ची हलवली. अकराला बाई आल्या. रिटायर्ड शिक्षिका. दर मंगळवारी येतात, गल्लीतला दिवा बंद आहे म्हणून. उभ्या राहिल्या, पण त्यांच्या गुडघ्यांकडे बघवेना. खुर्ची परत आणली. फक्त आजच्यापुरती.
ॲप दाखवलं. म्हणाल्या, तुम्हीच लिहा, तुमचं अक्षर छान आहे. मोबाईलवर अक्षराचा प्रश्न येत नाही, हे समजावण्यात पंचवीस मिनिटं गेली. तरी म्हणाल्या, असं कसं.

८ जानेवारी, शुक्रवार
चार दिवसांत नोंदी दोन. दोन्ही माझ्याच, टेस्टिंगच्या.
मग डोकं चालवलं. लोकांनी खिडकीवर यावं, बोलावं, टाइप मी करावं. नागरिकांचा सहभाग तो सहभागच, बोट कोणाचं हा तपशील. मात्र प्रत्येक नोंदीला मोबाईल नंबर आणि ओटीपी लागतो. निम्म्यांकडे मोबाईल नाही, निम्म्यांचा घरी चार्जिंगला. म्हणून माझा नंबर टाकला. एका नंबरवर दिवसाला पाचच नोंदी. मग हिचा टाकला.
ही मुलीकडे असते. बाळंतपणासाठी पंधरा दिवस म्हणून गेली. नातू आता पळतो. हिला प्रवास झेपत नाही, असं दिसतं. ओटीपी विचारायला फोन केला, तर धपाधप सहा आकडे सांगून मोकळी. मी विचारलं, जेवलीस का? म्हणाली, अहो, सकाळचे अकरा वाजलेत.

१५ जानेवारी, शुक्रवार
रोज पाच फोन. निव्वळ कामाचं बोलणं, वायफळ एक शब्द नाही. ओटीपी दोन मिनिटं चालतो. आज ही नातवाच्या दाढेचं सांगत बसली आणि तो संपला. दुसरा मागवला. तोवर दाढेवरून जावयाच्या नोकरीवर आली, तोही संपला. मी काही तिला थांबवलं नाही. बायकांना मध्येच तोडलं की राग येतो.
शेवटी म्हणाली, एवढ्या तक्रारी आहेत तुमच्याकडे? म्हटलं, लोक जागरूक झालेत.

२ फेब्रुवारी, मंगळवार
नोंदी २१७. बाईंच्या गल्लीतला दिवा दुरुस्त झाला. मी स्वतः तीनदा पाठपुरावा केला. म्हणजे आता मंगळवार मोकळा.
अकराला बाई आल्या. उजेड पिवळट आहे म्हणाल्या. नोंद केली. चहा झाला. खुर्ची खिडकीसमोरच आहे. हलवण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही.

१६ फेब्रुवारी, मंगळवार
३४०. बाई म्हणाल्या, दिव्याभोवती किडे जमतात. नोंद केली, कीटक विभाग. दोन मिनिटांचा नियम ज्येष्ठांना लागू नाही, असं मी ठरवलंय.

२२ फेब्रुवारी, सोमवार
४०३. मॅडमनी सगळ्यांसमोर आलेख दाखवला. आमची रेघ सरळ वर! म्हणाल्या, या प्रभागातला नागरिक जागा झालाय. मी मान खाली घातली, विनयाने.
संध्याकाळी मुलीचा फोन. बाबा, आईला किती त्रास देता? अंघोळीतून धावत येते बिचारी. तिने हिच्या मोबाईलमध्ये काहीतरी करून दिलंय. आता ओटीपी आपोआप माझ्याकडे येणार, फोन करायची गरजच नाही. पोरगी हुशार. माझ्यावर गेलीय.

२३ फेब्रुवारी, मंगळवार
हिच्या नंबरवर पाच नोंदी, फोन शून्य. अर्ध्या तासाची बचत. काय करावं सुचेना, म्हणून ड्रॉवर आवरला.
संध्याकाळी हिला फोन केला, ओटीपी नीट येतायत हे कळवायला. म्हणाली, येतायत ना? मग झालं तर.

९ मार्च, मंगळवार
५७८. घाई करू नये. आकड्यांपेक्षा गुणवत्ता महत्त्वाची. आजच्या तक्रारी कागदावर घेतल्या. कागदाला काही वाईट म्हणता येत नाही.
समोरचा शिंपी गटाराचं सांगायला आला होता. विचारत होता, खिडकी बंद झाली की आम्ही जायचं कुठे? म्हटलं, मोबाईलवर बोला. म्हणाला, मोबाईलला सांगून काय उपयोग, तो हूं हूं तरी करतो का? अडाणी माणूस. चाळीस मिनिटं बसला.

१६ मार्च, मंगळवार
५९९. इथेच थांबलोय. सर्व्हर स्लो आहे, असं मॅडमना सांगितलं. सर्व्हरला फोन लावून कोणी खात्री करत नाही, हे एक बरं असतं.

२३ मार्च, मंगळवार
अजून ५९९. आठ दिवस असेच काढायचे, की मार्च संपला. मला खिडकीचं काही नाही. पण उगाच लोकांची गैरसोय.
अकराला बाई आल्या. पर्समधून मोबाईल काढला, कोरा करकरीत. भाच्याने दिला, त्यानेच शिकवलं. मी हो-नाही म्हणायच्या आत चष्मा लावला, एकेक अक्षर शोधत बसल्या. मदत करू का विचारलं, तर मला दटावलं, मध्ये बोलू नका. पंधरा मिनिटांनी बटण दाबलं आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली. गृहपाठ दाखवावा तशी.
लिहिलं होतं: तक्रार खिडकी बंद करू नये. तिथले गृहस्थ नीट ऐकून घेतात.
नोंद क्रमांक ६००.
बाईंना काही सांगितलं नाही. चहा मागवला. माझा तसाच राहिला. तापमान जास्त होतं.

२४ मार्च, बुधवार
मॅडम पेढ्यासारखा गोड चेहरा करून आल्या. अभिनंदन म्हणाल्या. मी म्हटलं, ती शेवटची नोंद जरा वाचून बघा. म्हणाल्या, हो, तिला उत्तर गेलंय, आपोआप जातं. म्हटलं, पण मजकूर? म्हणाल्या, इतकं वाचायला बसलो तर कामं कधी करायची? खरंय त्यांचं. कामाच्या बाई आहेत.

२ एप्रिल, शुक्रवार
नवी जागा मागच्या खोलीत. स्वतंत्र टेबल, मोठी स्क्रीन, पंखा थेट डोक्यावर. प्रमोशनच म्हणायचं. दोन दिवसांत प्रभागातून नोंदी शून्य. मॅडमना वाटलं, ॲप बिघडलं. मी लिहून दिलं, नागरिक समाधानी आहेत.
दुपारी खिडकीच्या शटरवर कोणीतरी ठोकलं. जोरात, दोनदा. मी पळत गेलो. गुडघा टेबलावर आपटला. कुलूप काढलं, शटर वर केलं, बाहेरच्या खुर्चीकडे हात केला, बसा म्हटलं, सावकाश सांगा, काय त्रास आहे?
पेंटर होता. हातात डबा आणि ब्रश. म्हणाला, साहेब, यावर सगळ्या सेवा मोबाईलवर असं लिहायचंय, जरा खाली घ्या की शटर.
मी आतून खाली ओढून घेतलं. तिथेच बसलो. पलीकडे त्याचा ब्रश चालला होता.