कमानीखालची पाटी

दि. १९ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. हे सवयीने लिहिलं गेलं. सध्या मनात तसलं काही नाही. माझी तब्येत ठीक, गुडघा बरा.

शुक्रवार, १४ मार्च, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. मी जिथे नोकरी केली त्या जुन्या हॉटेलचं तू ऑफिस केलंस, त्याचं उद्घाटन. त्या टायवाल्या पाहुण्याने विचारलं, "या कोण?" आणि तू म्हणालास, "या? पूर्वी इथे रिसेप्शनला होत्या." सख्ख्या बहिणीला!

तेही गिळलं. एकतीस वर्षं त्या काउंटरवर याहून उद्धट माणसं पाहिलीत. पुढे त्याने विचारलं, "ही कमान मूळची का?" तू छाती फुगवून म्हणालास, "शंभर टक्के. एक वीट हललेली नाही." आता तेच पितळी पाटीवर कोरून येणार म्हणे, खाली आर्किटेक्ट म्हणून तुझं नाव.

एक वीट हललेली नाही? अरे, ट्रक मागे घेताना ती कमान भुईसपाट झाली होती! बाबांनी एकोणीस दिवसांत ती पुन्हा उभी केली. तुला पक्कं माहीत आहे. त्यांचा डबा घेऊन आपण दोघं जायचो. नवी वीट रंगाला जुळेना, म्हणून त्यांनी धुलाईखान्याच्या भिंतीतल्या जुन्या विटा काढून पुढे लावल्या, नव्या तिकडे भरल्या आणि वरून गिलावा केला. तू तो गिलावा खरवडलास, तिथे कॉफीचं मशीन मांडलंस, आणि माहितीपत्रकात त्या दोन रंगांच्या भिंतीला 'कलात्मक रंगसंगती' म्हणतोस. शिकलेला माणूस तू!

मग मी तिथेच का बोलले नाही, असं तू विचारशील. विचारच.

शाळेत सिस्टरनी वडिलांचा व्यवसाय विचारला तेव्हा मी 'इंजिनिअर' सांगितलं होतं. तुला आठवत नसेल, तू पहिलीत होतास. पुढच्याच महिन्यात बाबा शाळेच्या भिंतीच्या कामावर आले, कोपरापर्यंत चुन्याने माखलेले. मैत्रिणी सोबत होत्या. तुझा हात माझ्या हातात होता, आणि तू "बाबा" म्हणणार तोच मी तो करकचून दाबला. त्यांनी ते पाहिलं. घमेलं खाली ठेवून म्हणाले, "बेबी, जरा बाजूला व्हा, चुना उडेल."

पोटच्या मुलीला अहो-जाहो. घरी त्याबद्दल कधी चकार शब्द नाही.

शुक्रवारी तू मला "या" म्हणालास, तेव्हा मला ते ऐकू आलं. हे वळण तुला मीच लावलं. म्हणून गप्प बसले आणि पाच दिवस स्वतःवर चरफडतेय. पण माझा गुन्हा म्हणजे तुला मिळालेली सूट नव्हे. मी दहा वर्षांची होते. तू बावन्नचा आहेस.

पाटी अजून कोरायची आहे. तिच्यावर येईल: ही कमान कोसळली होती, ती गवंड्याने पुन्हा बांधली. खाली बाबांचं पूर्ण नाव, तुझ्या नावाएवढ्याच अक्षरांत.

३१ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर हवं. फोन केलास तर उचलणार नाही. उत्तर आलं नाही, तर इमारतीच्या मालकांना मीच लिहीन. त्यात आधी शाळेची गोष्ट येईल, मग तुझी.

गवंड्याची थोरली मुलगी,
तुझी ताई