टाकीची किल्ली माझ्याकडे

३ फेब्रुवारी, सोमवार
मुलीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी सापडली. तिला विचारलं नाही. वही मीच घेऊन दिली होती. चौथी पास आहे मी, पण अक्षर तिच्यापेक्षा बरं.

लिहायचं कारण ट्रक. ह्यांची पाठ गेल्यापासून ट्रक भावजी चालवतात आणि डोकं मी चालवते. हे पलंगावर पडून छताला सल्ले देतात. काम सोपं आहे. मिलमधून पशुखाद्याच्या गोणी पहाटे भरायच्या आणि दोन तासांवरच्या डेपोत नऊच्या आत टाकायच्या. पण डिझेल हल्ली लवकर संपतं. भावजी म्हणतात, रस्त्यात चढ आहे. चढ काय काल उगवला?

आज टाकीला कुलपाचं झाकण आणलं. किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. झाकणाला मधोमध बारीक भोक. दुकानदाराला म्हटलं, फुटका माल माझ्या गळ्यात मारतोस? तो म्हणाला, असंच येतं. फसवणारा दुसरं काय म्हणणार. घरी येऊन तेलाच्या पिशवीचं जाड प्लास्टिक घेतलं, त्यावर झाकण ठेवून कडेने निळा पेन फिरवला, शिवणाच्या नागमोडी कात्रीने गोल कापला आणि झाकणाच्या आत घट्ट दाबून बसवला. आता टाकीत मुंगीसुद्धा शिरायची नाही.

हे कोणाला सांगितलेलं नाही. सांगितलं की शंभर शहाणे निघतात.

६ फेब्रुवारी, दुपार
सकाळी भावजींचा फोन. वहिनी, गाडी बंद पडली, या. कुठे, तर वीटभट्टीपाशी. शिवण टाकलं, चप्पल घातली, स्कूटर काढली. पाऊण तास धूळ खाल्ली.

जाऊन बघते तर भावजी इंजिनावरचा फीड पंप हाताने दाबत बसलेले. टाकीतलं डिझेल ओढून इंजिनाला द्यायचं काम ह्या पंपाचं. दाबून दाबून अंगठ्याला फोड आला होता. मी आधी टाकीचं कुलूप काढलं, डिझेल किती उरलंय ते बघायला. झाकण उघडताना फुस्स झालं. डिझेल बरोबर होतं. झाकण लावलं, म्हटलं मारा स्टार्टर. एका झटक्यात सुरू.

बावीस वर्षं गाडी चालवणारा माणूस माझ्याकडे बघतच राहिला. गाडीला कळतं मालक कोण ते.

डेपोत पोचायला मात्र साडेदहा झाले.

८ फेब्रुवारी
पुन्हा फोन, पुन्हा भट्टीपाशी. पुन्हा मी, पुन्हा कुलूप, पुन्हा फुस्स, पुन्हा सुरू. टाकीसुद्धा मला बघून सुटकेचा श्वास सोडते.

भावजी म्हणाले की कुलूप लावल्यापासून हे सुरू झालंय, एकदा झाकण बघू द्या, नाहीतर किल्ली तरी द्या. म्हणजे दुखणं कुठे आहे ते कळलं. मी म्हटलं, किल्ली मागायला लाज कशी नाही वाटत? ते वाकून बूट पुसायला लागले. ह्यांचं अख्खं खानदान असंच, बोलायची वेळ आली की बूट साफ करायला घेतात.

मिलच्या मॅनेजरचा निरोप आला. दोनदा उशीर झाला, तिसऱ्यांदा झाला तर गोणी गावातल्या दुसऱ्या ट्रकवाल्याच्या, त्या टकल्याच्या, गाडीवर चढतील. मॅनेजर म्हणजे खिशाला तीन पेनं आणि सही करायला दुसऱ्याचं मागणारा माणूस. पण काम त्याच्या हातात आहे, आणि हे काम गेलं तर ट्रक दारात उभा राहून आमच्याकडे बघणार आणि आम्ही त्याच्याकडे.

ठरवलं. उद्यापासून मी रोज गाडीत बसणार.

१२ फेब्रुवारी
चार दिवस रोज गेले. पहाटे निघायचं, भट्टीपाशी गाडी थांबवायची, खाली उतरून कुलूप काढून डिझेल तपासायचं, झाकण लावायचं, पुढे निघायचं. चारही दिवस गाडी एकदाही बंद पडली नाही. चारही दिवस नऊच्या आत.

मी बसले की पडत नाही. नाही बसले की पडते. आता कोणीही सांगावं दोष कोणाचा.

भावजी म्हणाले, वहिनी, तुम्ही मध्ये काय करता ते जरा नीट बघा. मी म्हटलं, बघते म्हणूनच चाललंय.

१३ फेब्रुवारी
शिवणाचा ढीग झालाय. शेजारीण तीनदा ब्लाउज मागून गेली. मी रोज गाडीत बसून कसं चालेल? उद्या मी मेले तर गाडीने कोणाकडे बघायचं?

काहीतरी कायमचं करायला हवं.

१४ फेब्रुवारी
मुलीच्या मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. टोपीवाला एक माणूस जुना फीड पंप बाद करून टाकीजवळ बॅटरीवर चालणारा पंप बसवतो. किल्ली फिरवली की पंप आपोआप डिझेल ढकलतो, अंगठा दाबायला नको. भाषा कळली नाही पण हात कळले. चार वेळा बघितला. आता मी हे डोळे मिटून बसवीन.

मिस्त्रीकडे गेले. म्हातारा आहे. एक वाक्य बोलायला घेतो आणि मध्येच पाना शोधायला जातो. गाडी दाखवायच्या आधी मी टाकी उघडून डिझेलची खूण करून ठेवली, मिस्त्रीचाही भरवसा नाही. त्याने तासभर इंजिन चालू ठेवलं, फीड पंप खोलला, पुन्हा बसवला आणि म्हणाला की पंप ठणठणीत आहे, बाई, आधी टाकीकडे बघू. मी सांगितलं, टाकीला हात लावायचा नाही, टाकी माझ्याकडे आहे. रोग पंपात आहे. इलेक्ट्रिक बसव.

तो म्हणाला, नवा पंप जोरात ओढतो, टाकी ठीक नसेल तर आणखी त्रास होईल. ह्या वयात माणसं नव्या वस्तूंना घाबरतात.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळ
पंप बसला! वाटीएवढा आहे. मिस्त्रीने टाकीजवळ चासीला बोल्ट मारले, फ्यूज घातला, वायर केबिनपर्यंत ओढली. मी शेजारी स्टुलावर बसून सांगत होते. एकदा त्याने पाना माझ्या हातात दिला आणि म्हणाला, घ्या, तुम्हीच करा. मी पाना परत केला, कारण प्रत्येकाचं काम प्रत्येकाने करावं. नळीचा मोठा तुकडा उरला, तो मी सोडला नाही, सीटमागे टाकून ठेवला.

किल्ली फिरवली की घूं करतो. ऐकून बरं वाटलं. घरात एवढ्या लवकर कोणीच कामाला लागत नाही.

१८ फेब्रुवारी
मिलला आज आणि उद्या सुट्टी. गावाला दोन फेऱ्या मारल्या, अर्धा तास. मांजरीसारखी चालली.

संध्याकाळी ह्यांच्या समोर भावजींना स्पष्ट सांगितलं. आता गाडीत दोष राहिलेला नाही. ह्यापुढे बंद पडली तर दोष चालवणाऱ्याचा, स्टिअरिंग सोडायचं. भावजींनी बुटावरची धूळ झटकली. मग म्हणाले, "आणि माझा नसला तर?"

मी म्हटलं, तर टाकीची ही किल्ली तुमची. गळ्यातून काढून टेबलावर आपटून दाखवली आणि परत घातली.

हे पलंगावरून म्हणाले की बोललीस ते लक्षात ठेव. आयुष्यात पहिल्यांदा सावध होऊन ऐकत होते वाटतं.

२० फेब्रुवारी, पहाट
आज मोठा दिवस. मीही जाणार, तमाशा बघायला. पण ठरवलं आहे की भट्टीपाशी थांबायचं नाही, कुलूप काढायचं नाही. पंपावर भरवसा ठेवायचा. नाहीतर भावजी म्हणतील तुम्ही होतात म्हणून चालली.

२० फेब्रुवारी, रात्री जेवून
हात डिझेलने भरलेत. वहीला वास लागेल. लागू दे.

भट्टी गेली. मी भावजींकडे बघितलं, ते रस्त्याकडे बघत होते. अजून दहा मिनिटं गेली. मग पंपाचा घूं बदलला, ताप आलेलं माणूस कण्हतं तसा. मी म्हटलं नवा आहे, रुळतोय. तेवढ्यात मागून आवाज आला, रिकाम्या डब्यावर कोणी टाच दिल्यासारखा. एकदा, दोनदा. गाडी गचके खात बाजूला जाऊन थांबली. घड्याळात सव्वासात.

खाली उतरले. टाकीचं पोट आत गेलेलं. चांगली गोल गरगरीत टाकी, कुशीला मोठा खड्डा. मला आधी वाटलं कोणीतरी धडक देऊन पळालं.

कुलूप काढलं पण झाकण निघेना. भावजींनी दोन्ही हातांनी फिरवलं, तेव्हा फुस्स झालं, आणि होतच राहिलं. मग त्यांनी झाकण उलटं केलं. आत बोट घातलं. प्लास्टिक बाहेर काढून उजेडात धरलं. नागमोडी कडा. कडेला निळी रेघ.

माझ्या अंगात जो ब्लाउज होता त्याच्या बाहीची कडाही तशीच आहे. त्यांनी एकदा प्लास्टिककडे बघितलं, एकदा माझ्या बाहीकडे. आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

झाकणाच्या भोकातून टाकीत हवा जाते म्हणे. डिझेल बाहेर निघालं की त्या जागी हवा लागते. हवा मिळाली नाही की टाकी आवळते, पंप ओढत राहतो, डिझेल येत नाही. मी कुलूप काढायचे तेव्हा हवा जायची. एवढी साधी गोष्ट दुकानदाराला सांगता आली नाही. असंच येतं म्हणे. असली माणसं दुकानं टाकतात.

आतली नळी चेपली होती, टाकीतून डिझेल येईना. टकल्याचा ट्रक हॉर्न देत शेजारून गेला. भावजींनी टाकीखालचा बोल्ट सोडून कॅन भरला, सीटमागची उरलेली नळी पंपाला जोडली, खिडकीतून आत घेतली आणि कॅन माझ्या मांडीवर ठेवला. नळीचं टोक आत बुडवलं. मी वास येतो म्हणून कॅनच्या तोंडावर पदर दाबायला गेले.

"तोंड उघडं ठेवा, वहिनी," ते म्हणाले. "आता तरी."

डेपोपर्यंत कॅन धरून बसले. प्रत्येक खड्ड्याला डिझेल मांडीवर. गाडी एकदाही थांबली नाही. नवाला पाच कमी असताना गोणी उतरल्या. आज डेपोत आलेल्या मॅनेजरने माझ्याकडे बघून विचारलं, बाई, हे काय? मी सांगितलं, नवीन पद्धत आहे.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवते. इलेक्ट्रिक पंप नसता तर एवढ्या वर धरलेल्या कॅनमधून डिझेल कोणी ओढलं असतं? म्हणजे काम माझ्या पंपामुळे वाचलं.

२१ फेब्रुवारी
मिस्त्रीने टाकी उतरवली. दुसऱ्या ट्रकची जुनी एक बसवून देतो म्हणाला, तोवर गाडी कॅनवरच. प्लास्टिकचं त्याला कोणी सांगितलं माहीत नाही, पण दिवसभर तो पाना न शोधता बोलत होता.

घरी ह्यांनी विचारलं, झाकणात प्लास्टिक कोणी घातलं? मी म्हटलं, कंपनीतूनच आलं असेल. भावजींनी खिशातून तुकडा काढला आणि माझ्या शिवणयंत्रावर, कात्रीच्या शेजारी ठेवला. हे हसायला लागले आणि पाठ धरून ओरडले. बरं झालं.

२४ फेब्रुवारी
किल्ली अजून गळ्यात आहे. द्यायला हरकत नाही, पण दोऱ्याची गाठ सुटत नाही.

२६ फेब्रुवारी
जुनी टाकी बसली. झाकणाचं भोक मी स्वतः सुईने साफ केलं. गाठ कात्रीने कापता येईल, पण चांगला दोरा कोण कापतं?

आणि द्यायची तरी का? भावजी डिझेल विकत नव्हते हे कुठे सिद्ध झालंय? चढाचं मिस्त्रीला विचारलं. म्हणाला, पुलाचं काम निघाल्यापासून वाहनं टेकडीवरून वळवलीत, त्याला महिना झाला. म्हणजे चढ खरंच नवा उगवला. मला कोणी सांगितलं नाही. भावजी म्हणाले होते, पण ते नीट सांगितलं नव्हतं.

१ मार्च
हे पलंगावरून उठले, काठी न घेता माझ्यापर्यंत चालत आले आणि हात पुढे केला. तीन महिन्यांत पाण्याचा तांब्या स्वतः घेतला नव्हता. किल्ली मागायला बरी पाठ सरळ झाली.

दिली. ह्यांच्या हातात दिली, भावजींच्या नाही. शब्दाची पक्की आहे मी.

३ मार्च, सकाळ
पहाटे ट्रक गेला. मी म्हटलं आता माझा काही संबंध नाही, आज पडलेले ब्लाउज संपवणार.

सातला भट्टीची वेळ झाली. स्कूटर पुसून घेतली, धूळ होती. सव्वासातला फोन चार्जिंगवरून काढून जवळ ठेवला, जास्त चार्ज झाला तर बिघडतो. साडेसातला मुलीला विचारलं, ह्याला रेंज आहे ना? तिने बघून सांगितलं, पूर्ण आहे.

नऊला दहा मिनिटं असताना फोन वाजला. भावजींचा. एका घंटीत उचलला, म्हटलं, आले, निघतेच. ते म्हणाले की नको, वहिनी, गोणी उतरल्यासुद्धा, एवढंच सांगायला केला.

मुलगी म्हणाली, आई, घरात चप्पल का घालून बसलीस?

फरशी गार होती.