कुणालाही सांगणार नाही

३ फेब्रुवारी २०२५, नांदेड

भोकरकडच्या त्या गावातून परतले. अंग आंबलंय. डोकं त्याहून जास्त.

वेशीवर हा मोठा फलक — ‘बालविवाहमुक्त गाव’. अनंतराव सरांच्या चळवळीनं लावलेला. सर माझे पीएचडीचे मार्गदर्शक, चळवळीचे अध्यक्षही तेच! आणि फलकाच्या आत? लग्नं थांबलेलीच नाहीत, फक्त सीमेपलीकडे गेलीत. टेम्पोत बसून तेलंगणात जायचं, तिथल्या देवळात अक्षता टाकायच्या, गावात येऊन गप्प. घरोघरी हेच ऐकलं. माझ्या प्रबंधाचं सोनं झालं, असं मनात आलं. लगेच लाजही वाटली.

शेवटचं घर अनुसयाबाईंचं. (नाव बदललंय. इथंही.) नेहमीसारखं संमतीपत्र वाचून दाखवलं — तुम्ही सांगाल ते कुणालाही सांगणार नाही. “कुणालाच न्हाई?” त्यांनी विचारलं. मी ठासून म्हटलं, कुणालाच नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. घाबरल्या असतील बिचाऱ्या.

दीर बाहेर ओट्यावर बसून होता. चहा ठेवता ठेवता हळू आवाजात आपणहून बोलल्या. थोरली नववीत आहे. दिरानं स्थळ आणलंय. सतरा तारखेला पहाटे टेम्पो निघणार. देवळाचं नावसुद्धा सांगितलं — मी विचारलंही नव्हतं! केवढा विश्वास. सगळं लिहून घेतलं.

७ फेब्रुवारी

झोप लागत नाही. नववीतली पोर!

चाइल्डलाइनचा नंबर फिरवते, लागायच्या आत फोन बंद करते. एकदा सांगितलं की त्या गावात एकही दार उघडणार नाही. मलाच काय, माझ्यामागून येणाऱ्या कुणालाही. आणि मी शब्द दिलाय. शब्द दिलाय ना?

१० फेब्रुवारी

न राहवून सालेहाला सांगितलं. गाव, नाव काही न सांगता. ती माझ्याच विभागात शिकवते. संशोधकानं ढवळाढवळ केली तर अभ्यासच बिघडतो वगैरे मी बराच वेळ बोलले. तिनं ऐकून घेतलं.

“शब्द आईला दिला का पोरीला?” एवढंच विचारलं आणि तासाला निघून गेली.

दिवसभर डोक्यात भुंगा. तिला काय जातंय विचारायला!

१५ फेब्रुवारी, लातूर

समाजशास्त्राचं अधिवेशन. बॅज, कापडी पिशवी, गार झालेला उपमा. आमच्याकडे ठराव आधी छापून येतो, निबंध मागून वाचले जातात. यंदाचा ठराव — चळवळीचं अभिनंदन, सगळी गावं बालविवाहमुक्त! उद्या दुपारी हात वर करायचे. माझा निबंध नेमका त्याच्या आधी.

सरांनी जेवणाच्या रांगेत गाठलं. वाचू नकोस असं म्हणाले नाहीत, पुढच्या वर्षी वाच म्हणाले. ज्या बाया सासरच्यांशी भांडून फलक लावायला उभ्या राहिल्या, त्यांचं नाक कापलं जाईल म्हणाले. मी चिडलेच. म्हटलं, सर, चळवळ चळवळीच्या जागी. आपलं काम जे आहे ते सांगणं.

रिकामं ताट ठेवून रांगेतून बाहेर पडले. भूक मेलेली.

१६ फेब्रुवारी, लातूर

वाचला! शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मागच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, हिला कुणी पाठवलं? दोन बाया उठून गेल्या. सत्राचे अध्यक्ष मात्र म्हणाले, याला म्हणतात संशोधन. ठराव मागे घेतला गेला. छापलेला ठराव! असं कधी झालं नव्हतं.

मग सर उभे राहिले. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर सोलून काढतात. आवाजही चढवला नाही.

“देविका, तुझं बरोबर आहे, आम्ही फसलो. फलक उतरवू. फक्त एवढंच सांग, आत्ता कुठं लग्न ठरलेलं आहे का? मी इथूनच निघतो.”

मी म्हटलं, “माहिती गोपनीय आहे, सर.”

टाळ्या पडल्या. माझ्यासाठी! सर खाली बसले. सालेहा शेजारीच होती, तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. परतीच्या बसमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसली.

१७ फेब्रुवारी, नांदेड

पहाटेपासून जागी. फोन उचलला, ठेवला. उजाडलं.

१९ फेब्रुवारी

अनुसयाबाईंचा फोन आला. शेजारणीच्या मोबाइलवरून. रडत नव्हत्या.

“माझा फोन दिरानं काढून घेतला होता, मॅडम. म्हून तुमाला तारीख सांगितली. तुमी लिहून घेतलं, तवा वाटलं, आता येतंय कुनीतरी. टेम्पो हालेपर्यंत मी रस्त्याकडंच बघून राहिले होते.”