ग्रंथालयासमोरचा कांदा परत मिळणेबाबत

प्रति,
मा. कुलसचिव,
अबोडोम विद्यापीठ, अक्रा.

विषय : नाआ कोर्कोई यांचा कांदा शुक्रवारपर्यंत परत मिळणेबाबत.
संदर्भ : कलासंग्रह समितीचे 'कलाकृतीस हात लावू नये' हे पत्र.

महोदय,

मी टेशी येथे शवपेट्या बनवतो. शाळा चौथीपर्यंत, पुढचे सगळे रंध्याने शिकवले. आमच्याकडे माणूस ज्यावर जगला त्याच आकाराच्या पेटीत जातो. कोळी माशात, ड्रायव्हर गाडीत. आपल्या समितीने ग्रंथालयासमोर मांडायला माझ्याकडची कोकोची शेंग पसंत केली. न्यायच्या दिवशी मी लाकूड आणायला गेलो होतो. समितीचे श्री. ओफोसू ट्रक घेऊन आले आणि शेजारचा कांदा उचलून नेला.

हा कांदा नाआ कोर्कोईंनी जिवंतपणी स्वतः सांगून करवून घेतला होता. तीनदा रंग बदलायला लावला. चाळीस वर्षे कांदे विकून त्यांनी अख्ख्या बाजाराला रडवले. आता त्या शीतगृहात आहेत, शनिवारी दफन आहे.

शेंग घ्या, कांदा द्या, असे मी श्री. ओफोसूंना विनवले. ते म्हणाले, कांदाच सरस आहे, आतली रिक्तता फार बोलते. मी म्हणालो, "साहेब, ती रिक्तता नाही, म्हातारीची जागा आहे. माप घेऊन ठेवलीय." त्यांनी ते वहीत उतरवले. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य कांद्याखालच्या पाटीवर. वर 'कलाकार : अज्ञात'.

शेंगेतच न्या, असे मी घरच्यांना सुचवून पाहिले. लेक डेडेई म्हणाली, "मिस्त्री, आई कोकोच्या शेंगेत गेली तर वरचे लोक तिच्या हातात कोयता देतील. तिने जन्मात कोकोचं झाड पाहिलं नाही."

समिती आता लिहिते की संग्रह कायमस्वरूपी आहे. फार तर कांदा उसना मिळेल, होता तसा परत करण्याच्या हमीवर. दफनानंतरची ती हमी मला देता येत नाही.

एक गोष्ट आपल्या कानावर असावी. आमचे खांदेकरी वाट ठरवत नाहीत, मेलेले माणूस ओढेल तिकडे जातात. पेटी नसेल तर शनिवारी नाआ कोर्कोई फळीवरून निघतील, आणि त्या कुठे ओढतील हे सांगायला ज्योतिषी नको. एकदा आपल्या कांद्यात शिरल्या की त्या उठणाऱ्यांतल्या नाहीत. मग संग्रह खरोखरच कायमस्वरूपी होईल. पाटीवर त्यांचे नाव तेवढे नीट लिहावे.

आपला (शुक्रवारपर्यंत) नम्र,
बोर्केते सोवा, सुतार
टेशी, मंगळवार

सोबत : कोकोची शेंग, नग एक. आपल्या फाटकात आडवी ठेवली आहे.