आधी बोलणं, मंग भात

बाबा,

आज मरळ आणली होती. सुकवलेली आंबाडी घालून शिजवली, भात उतरवला, ताटं मांडली आणि भाताचा डाव हातात धरून मी नेहमीसारखी थोडा वेळ तशीच उभी राहिले. सून हसली. म्हणाली, "आई, वाढा आता, भात काही पळून जात नाही." तिला मी कधी काही सांगितलं नाही. तुम्हालाही सांगितलं नाही, पण तिच्याआधी ते तुम्हाला कळायला हवं.

आरमोरीच्या बाजारात मासोळी विकून परतताना तुम्ही इंग्रजी पेपर आणायचात. तुम्हाला त्यातलं अक्षरही लागत नव्हतं. तो माझ्यासाठी असायचा, आणि खरं तर ओसरीसमोरून जाणाऱ्या प्रत्येकासाठी. मी मोठ्यानं वाचायचं, मग मराठीत सांगायचं, आणि कोणी थांबलं की तुम्ही म्हणायचात, "कान्व्हेंटची आहे माही पोरगी. पर आपली रीत विसरली नाई." आई गेल्यावर तुम्ही मला अगदी लहानपणी चंद्रपूरला सिस्टरांच्या वसतिगृहात ठेवलंत, तेव्हा सगळा मोहल्ला तुम्हाला टोचायचा. "पोरीले मडम करून राह्यला का रे?" तुमचं ते वाक्य म्हणजे त्या सगळ्यांना उत्तर होतं. मी मान खाली घालून हसायची, आणि मला ते वाक्य फार आवडायचं.

त्या वर्षी होळीनंतर मी धानोऱ्याहून आले ती परत न जाण्यासाठीच. सासरी मला कोणी मारत नव्हतं, म्हणून सांगायलाही काही सापडत नव्हतं. शाळेत शिकवू देऊ म्हणाले होते, ते लग्नानंतर कोणाला आठवेना. माझी पुस्तकं माळ्यावर गेली. पुढचं दार घरात कर्ते असलेल्या चुलत सासऱ्यांना विचारून उघडायचं, आणि ते विचारायचे, "कायले?" या एका शब्दावर मी परत आत वळायची. तुम्ही लग्नाआधी मला विचारलं होतं. मी दाराआडून "नको" म्हटलं होतं. तुम्ही बाहेर जाऊन सांगितलंत, लाजते.

आणि मग पेपरात ती ग्रीनलँडची बातमी आली. मी वाचते आहे, तुम्ही जाळ्याची भोकं सांधता आहात. बर्फाचा देश, माणसं थोडी, समुद्रात मासोळी भरपूर. डेन्मार्क युरोपच्या सामायिक बाजारात गेला, त्याच्यामागे हेही ओढले गेले. आता बाहेर पडायची बोलणी पुरी झाली होती.

"त्याइले विचारलं नोतं का?"

"विचारलं होतं. बहुतेकांनी नाही म्हटलं होतं."

"अन् तरी नेलं?" तुमचा हात थांबला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आणि पुन्हा जाळ्याकडे. "बोलणी कोनं केली?"

"त्यांच्या वतीनं डेन्मार्कनं."

"थो तं बाजारातच राह्यनार नं? मंग बोलनारा तिकडचाच झाला." नंतर तुम्ही विचारलंत, बदल्यात काय दिलं. मी सांगितलं, बाहेरच्यांची जहाजं त्यांच्या समुद्रात मासे मारत राहतील, आणि यांचा माल त्या बाजारात जकात न भरता विकला जाईल. तुम्ही ते मला पुन्हा वाचायला लावलंत.

तुम्हाला ते कशाला हवं होतं हे मला माहीत होतं. आपला तलावही असाच, आपण नको म्हणत असताना, मोठ्या मच्छीमार संस्थेत घातला होता. उन्हाळ्यात पाणी उतरलं तशी तुम्ही त्या लोकांना आपल्या ओसरीवर बोलावलंत. आई गेल्यापासून आपलं घर सांभाळणाऱ्या काकूनं मासोळी रांधली होती, वास थेट तलावापर्यंत गेला असेल. मी भाताचं पातेलं उचललं तर काकूनं मनगट धरलं. "थांब. आता नाई." बाहेर त्यांचे अध्यक्ष कुरकुरत होते, "भाऊ, भुकेनं मारून तलाव घेता का?" तुम्ही हसून म्हणालात, "आधी बोलणं, मंग भात." आणि तुम्ही ग्रीनलँडचाच तोडगा पुढे ठेवलात. आमचा तलाव आमचा, वर्षातून एकदा तुमची जाळी येतील, पण आरमोरीच्या बाजारात आमची टोपली कोणी अडवायची नाही. ते कबूल झाल्यावरच काकूनं पातेलं माझ्या हातून घेतलं, तुमच्याकडे दिलं, आणि तुम्ही स्वतः वाढलंत. मला वाटलं, काय हुशार आहेत बाबा, पाहुण्यांना भुकेनं नरम करतात.

माझ्या बोलण्यांचा दिवस त्यानंतर लगेचच आला. माझे हे आणि चुलत सासरे मला न्यायला सकाळच्या गाडीनं आले. काकू तेंदूपत्त्याला जंगलात गेलेली, घरात मी एकटी. चुलीपाशी बसून मी तुमचा शब्दन् शब्द ऐकते आहे. "पोरगी इथीच राहीन, शाळेत शिकवीन. जावई कवाही येवोत, घर त्याइचंच आहे." लग्नाच्या वेळी तुम्ही त्यांना शब्द दिलेला होता, तरी माझ्या बाजूनं बोलत होतात. माझ्या छातीत इतकं हलकं वाटत होतं की मी ताटं दोनदा पुसली. चुलत सासरे मात्र चुलीकडून येणारा वास घेत होते. मग ते स्वयंपाकघराकडे वळले, आवाज अगदी मऊ करून. "सूनबाई, दूरून आलो वं आमी. पोटात कावळे ओरडून राह्यले. वाढ नं माय."

पाहुण्याला दुसऱ्यांदा मागायला लावू नये, असं सिस्टरांनी शिकवलेलं. आणि मला वाटलं, पोट भरलं की माणूस मवाळ होईल, तुमचं काम सोपं होईल. मी भात नेला. यांच्या ताटात वाढला, मग चुलत सासऱ्यांच्या.

तुम्ही बोलता बोलता थांबलात. चुलत सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि मिशी पुसली. "झालं, भाऊ. ज्याचा वाद आहे त्यानं आपल्या हातानं भात वाढला, म्हंजे वाद मिटला. ढिवराच्या घरची रीत आहे, का नाई?" मग माझ्याकडे पाहून, "का मडमबाईले ठाऊक नोतं?"

तुमचा चेहरा मला आजही दिसतो. लाल झालेला, आणि वाट पाहणारा. तुम्ही त्यांच्याकडे वळून म्हणालात, "माही पोरगी रीत जानते. तिनं वाढलं तं समजून वाढलं." आणि मला विचारलंत, "नाई का, बाई?"

मी म्हटलं, "हो."

गाडीपर्यंत पोचवायला आलात. खिडकीशी उभं राहून हळूच म्हणालात, "जाचं होतं तं मले आधी काऊन नाई सांगतलं? मी उगाच भांडलो." मी तुमच्या हातून पिशवी आत घेतली.

पुढे दर उन्हाळ्यात सुकी मासोळी घेऊन तुम्ही धानोऱ्याला आलात. पुढच्या खोलीत मी मोहल्ल्यातल्या पोरांना इंग्रजी शिकवू लागले, तेव्हा दारात बसून तुम्ही ऐकत राहायचात. दार तेव्हाही विचारूनच उघडत होतं. तुम्ही सगळ्यांना सांगायचात, "मी सोडवून आनत होतो, थेच गेली. आपल्या हातानं वाढलं तिनं." मी चहा करायला उठायची. तुम्ही हेच मानत गेलात, समाधानानं गेलात, आणि ते समाधान मोडायचं माझ्या मनात कधी आलं नाही.

सून पुन्हा हाक मारते आहे. हा कागद कुठे धाडायचा नाही, डब्यातही ठेवायचा नाही, चुलीत निखारे आहेत अजून. तेवढ्यात सांगते. मला ती रीत माहीत नव्हती, बाबा.