तागडी आणि काचेची पेटी

अहमदनगर, दवाखान्याचा व्हरांडा
बुधवार, ता. १७ फेब्रुवारी १९७१

मेहुणे सहादेव यास भिमाजीचा रामराम.

आम्ही सगळे इथे जिवंत आहोत, तूही तिथे तसाच असावास. कंबर कशी आहे? पोतं वाकून उचलू नकोस, बसून उचल, हे वीस वर्षं सांगतो आहे आणि तू वीस वर्षं वाकून उचलतो आहेस. माझ्या जागी शेटच्या आडतीवर मापाला उभा राहिलास याबद्दल आभार मानायचे असतात म्हणून मानतो. मात्र पहिल्या मापाला "लाभ" म्हणायला विसरू नकोस. (मागे एकदा तू सरळ "एक" म्हणालास आणि दुपारपर्यंत दोन पोती फाटली, हे माझ्या लक्षात आहे.) माझ्या तब्येतीचं विचारशील तर झोप नाही, भूक नाही, छातीत सारखी धडधड आहे, आणि वर इथला चहा आहे.

तुझी भाची मालन पहिलटकरीण, म्हणून रीतीप्रमाणे माहेरी आणली. नववा लागायला अजून अवकाश होता. मी म्हटलं होतं, तिला पाण्याला पाठवू नका. तुझी बहीण म्हणाली, हालचाल असावी. झाली हालचाल! पोर दीड महिना आधी बाहेर आली. मुलगी आहे. एवढीशी, की माझ्या पागोट्यात गुंडाळली असती तर पागोटं सोडून शोधावी लागली असती. रडलीसुद्धा नाही, नुसती चिवचिवली. सुईण म्हणाली, नगरला न्या. मग जीपवाल्याच्या हातापाया पडून निघालो. वाटेत तुझ्या बहिणीने पोरीला सगळ्या कपड्यांच्या आत, थेट अंगाला लावून धरलं. मी सारखा ओरडत होतो, अगं गुदमरेल, तिला मोकळं वारं लागू दे. इथे पोचल्यावर डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या पायाला हात लावून विचारलं, एवढी ऊब कोणी ठेवली? मी म्हटलं, मीच तसं सांगितलं होतं. (तुझी बहीण तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे पत्र लिहायला निवांतपणा आहे.)

आता दवाखान्याचं ऐक. आपण एवढ्या लांबून आणलेल्या पोरीला यांनी काय केलं, तर काचेच्या पेटीत ठेवलं. हलवायाकडे पेढे ठेवतात तसं. पेटीला दोन भोकं, त्यातून हात घालायचे. नाकातून एक नळी, त्या नळीतून मालनचं दूध, तेही औषधासारखं मोजून. मी विचारलं, पोरगी तोंडाने का पीत नाही? तर म्हणे अजून तिला चोखायचं आणि श्वास घ्यायचं एकदम जमत नाही. मी म्हटलं, आमच्या जावयालाही जेवणं आणि गप्प बसणं एकदम जमत नाही, त्याला घालता का नळी? (जावई म्हणजे आपले कानिफनाथ मास्तर. जामखेडहून आले, खुळखुळा घेऊन. पोरीच्या मुठीत सुतळीचा तुकडा मावायचा नाही आणि हे खुळखुळा घेऊन! आल्यापासून पेटीवरचा उष्णतेचा काटा वाचून दाखवतात, जणू तो त्यांनीच बसवला.) आत जायचं तर चपला बाहेर, हात कोपरापर्यंत साबणाने, तोंडाला फडकं. मळणीला बैलांना मुसकी बांधतो तशी मला मुसकी बांधली, सहादेव. बैल निदान कणसं खातो म्हणून बांधतात. मी काय खाणार होतो?

हे सगळं मी सोसलं. पण वजनाचं सोसवेना. रोज सकाळी दहाला पोरीला तोलतात. पहिल्या दिवशी एक किलो चारशे ग्रॅम भरली, म्हणजे दीड शेर. बरं. चौथ्या दिवशी त्याच पोरीचं एक किलो दोनशे ऐंशी. म्हणजे दोन छटाक गेले कुठे? दूध आत जातं आहे, मी बघतो आहे. आणि माल कमी! चाळीस वर्षं मापाड्याचं काम केलेल्या माणसाला हे सांगता? वजन उतरलं की मी आधी माल बघत नाही, तोलणाऱ्याचा अंगठा बघतो. विचारलं, तर तिथली सिस्टर चांगुणा, तिशीची असेल, म्हणाली, "मामा, आठवडाभर सगळीच पोरं उतरतात. मग चढतात." सगळीच पोरं उतरतात! आपण असं कुणा शेतकऱ्याला सांगितलं असतं, की बाबा, सगळीच पोती उतरतात, तर त्याने चाबूक काढला असता.

आणि यांची तोलायची रीत सांगतो, म्हणजे तुला कळेल कसली माणसं आहेत. आधी नुसतं फडकं काट्यावर ठेवतात आणि लिहून घेतात. मग फडक्यासकट पोर. मग फडक्याचं वजन वजा करतात, तेही जेवढं आहे तेवढंच! असले तोलारी आपल्या आडतीवर दोन दिवस टिकले नसते. आणि पहिल्या आकड्याला "लाभ" नाही की देवाचं नाव नाही, सरळ "एक किलो". मी म्हटलं, बाई, पहिल्याला लाभ म्हणा, बरकत येते. ती हसली. पेटीतल्या पोरीचे दोन छटाक गेलेत आणि ही हसते! दोन किलो भरल्याशिवाय पोरीला पेटीतून सोडायचं नाही, हा यांचा नियम. आता वजन यांच्याच काट्यावर, लिहिणार हेच, म्हणजे पोर कधी सोडायची तेही यांच्याच हातात. मला दवाखान्यातलं कळत नाही, पण हा धंदा मला कळतो.

म्हणून शुक्रवारी मी एसटीने शेवगावला येऊन माझी तागडी घेऊन परत आलो. (तुला भेटलो नाही, कारण तू चौकशा केल्या असत्यास.) पिशवीत तागडी, किलोचं वजन, पावशेरापर्यंतचे बारके तुकडे, आणि वर भाकरी, म्हणजे दारवानाला भाकरीच दिसावी. शनिवारी दहाला सिस्टर पोरीला तोलायला निघाली, तशी मी तागडी खिडकीच्या गजाला टांगली आणि म्हटलं, दोन मिनिटं पोरगी माझ्या पारड्यात द्या, खरं-खोटं होऊन जाऊ दे. तिथे उभ्या असलेल्या चार बायका तोंडाला पदर लावून फिदीफिदी. जावई भिंतीकडे तोंड करून उभे, जणू मी कोणी परका. सिस्टर म्हणाली, "मामा, तिला हातरुमालासारखी बाहेर काढता येत न्हाई. तिला थंडी बाधल." मग ती तागडीपाशी आली, तिने ती निरखून बघितली आणि आपली दोन शिक्क्याची किलोची वजनं दोन पारड्यांत ठेवली. काय झालं ते झालं. एसटीच्या हादऱ्यांनी तागडी जरा बिघडली होती, असं मी तिथल्या तिथे सर्वांना सांगितलं आणि पिशवी बंद केली. यंत्रं बिघडतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

एकंदर इथल्या लोकांना माणसं ओळखता येत नाहीत, चहा करता येत नाही, म्हाताऱ्यांशी बोलता येत नाही. लहान पोराचं अंग धरता येतं, तेवढं कबूल करतो. बाकी क्षेम. घरच्या कुलपाची किल्ली शेजारच्या लंकाबाईकडे आहे. शेळीला पाला घाल. लोभ असावा म्हणत नाही, तो आहेच, कंबर सांभाळावी.

तुझा दाजी,
भिमाजी

ता. क. तागडी एसटीने बिघडली नाही. तुला काय सांगायचं, तू रोज तीच जात हातात धरतोस. मधली कडी केसभर सरकवलेली, आणि रिकामी दांडी सरळ दिसावी म्हणून एका पारड्याखाली लाखेचा थेंब. सिस्टरने दोन्हीकडे किलो ठेवला आणि मालाचं पारडं वर गेलं. ती हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "मामा, हिच्यात तोलली असती तर पोरगी आणखी छटाकभर हलकी भरली असती. दूध आणि औषध वजनावर ठरतं. आम्ही तेवढं कमी दिलं असतं." लाख मी लावली नव्हती, शेटने लावली. मी फक्त चाळीस वर्षं काढली नाही.

ता. क. दुसरं. ती सिस्टर बोधेगावच्या अलीकडच्या वस्तीवरची. गोरक्ष तिचा बाप; काळा, उंच, कानात मुदी, बाजाराला बैलगाडी घेऊन येतो, तू ओळखतोस. लहानपणी ती गाडीत बसून यायची. म्हणाली, "घरून भरून निघालेली बाजरी तुमच्यापाशी आली की आटायची. आई म्हणायची, वाटेत गाडीत उंदीर चढत्यात. मी परत जाताना सगळी गाडी धुंडायचे, मामा. एक उंदीर घावला न्हाई." एवढं बोलली, नळाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, आणि तेच हात पेटीच्या भोकांतून आत घालून मालनच्या पोरीचं फडकं बदललं. मी काचेला डोळा लावून बघत होतो. वाटलं, आता नळी जरा जोरात ओढील. निदान फडकं तरी थंड घालील. तिने फडकं आपल्या गालाला लावून बघितलं, मग घातलं. सहादेव, त्यानंतर मला दोन दिवस तिच्यासमोर उभं राहवेना.

ता. क. तिसरं, आणि पत्र यासाठीच लिहिलं आहे. आडतीच्या दाराआड आपली दुसरी तागडी टांगलेली आहे, आता तू तीच वापरत असशील. बाजाराच्या दिवसाआधी पारड्याखालची लाख सुरीने खरवडून टाक. म्हणजे रिकामी दांडीच वाकडी उभी राहील, सगळ्यांना दिसेल, आणि शेटला नवी आणावीच लागेल. शेटला सांग, उंदराने खाल्ली. गोरक्ष येईल, त्याचा माल नव्या तागडीवर तोल, आणि माझं नाव काढू नकोस. तू म्हणशील, दाजी घाबरला. हो, घाबरलो. माझी नात तिच्या हातात आहे. पण ती काहीच करणार नाही हे कळल्यावर जास्त घाबरलो, हे कसं ते मला नीट लिहिता येत नाही, मी तिसरी पास आहे.

ता. क. चौथं. पाकीट चिकटवणार तेवढ्यात दहा वाजले. आधी फडकं तोललं, मग पोर. सिस्टरने काट्यावरून मान वर करून खिडकीच्या काचेतून माझ्याकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाली, "लाभ किलो, चारशे चाळीस!"