बरणीच्या तळाची चीर

अण्णा, तुम्ही जपानबद्दल जे सांगायचात ते मी अजून लोकांना सांगते, आणि दर वेळी सांगून झालं की मला तुमचा राग येतो. आजही तसंच झालं. मुंबईहून दोघीजणी भट्टी बघायला आल्या होत्या. वाकड्या काठाची एक बरणी हातात घेऊन त्यांतली एक म्हणाली, "मुद्दाम अशा वाकड्या विकायच्या हे तुम्हाला सुचलं कसं?" मी नेहमीचंच उत्तर दिलं. वडील बोटीवर होते, कोबेला एका म्हाताऱ्या कुंभाराकडून ते हे शिकून आले. "किती मोठा माणूस असेल!" ती म्हणाली. मी मान हलवली. त्या गेल्यावर हाताची माती धुतली आणि हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुमच्याबद्दल कुणाजवळ वाईट बोललेले नाही. आज तुमच्याजवळच बोलते.

बोट सोडून तुम्ही कातळावरचा तो बंद पडलेला बरण्यांचा कारखाना घेतलात, तेव्हा आईसकट सगळ्यांनी डोक्याला हात लावला होता. दोन शेड, एक जुनी भट्टी आणि अकरा माणसं. रत्नागिरीत तेव्हा घरोघरी नवे टीव्ही येत होते आणि दुकानांतून रंगीत झाकणांच्या प्लॅस्टिकच्या बरण्या. दुकानदार तुम्हाला तोंडावर सांगायचे, "अण्णा, तुमचा माल जड, त्यात दोन नग सारखे नाहीत." सारखे येणार कसे? भट्टी एका अंगाला जास्त तापायची. दर खेपेला निदान तिसरा हिस्सा माल वाकडा किंवा डागाळलेला निघायचा, आणि तुम्ही तो मागच्या बाजूला नेऊन भट्टीच्या मिस्त्रींकडून हातोड्यानं फोडून घ्यायचात. मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. लग्न ठरेपर्यंत मदत कर, असं म्हणून तुम्ही मला कारखान्यावर नेलंत. तिथला पहिला आठवडा मला आठवतो तो त्या फुटण्याच्या आवाजानं.

एका दुपारी मिस्त्रींनी हातोडा उचलला आणि मी मध्येच बरणीवर हात ठेवला. "हिला काय झालंय? हिच्यात लोणचं राहणार नाही का?" मिस्त्री तुमच्याकडे बघायला लागले. मला वाटलं, आता तुम्ही ओरडणार. तुम्ही मात्र ती बरणी मांडीवर घेऊन पायरीवर बसलात आणि तिच्या वाकड्या काठावरून अंगठा फिरवत राहिलात. बोट दुरुस्तीला लागली म्हणून दोन महिने कोबेत अडकला होतात, तेव्हाची गोष्ट त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकली. टेकडीवरचा तो म्हातारा, त्याचे ओबडधोबड वाडगे, आणि फुटलेला वाडगा सोन्याची पूड घालून जोडायची त्याची रीत. "बाय, तो जोड लपवत नाही गो," तुम्ही म्हणालात. "उलट चमकवतो. इथं फुटलं होतं, बघा. वाबी-साबी म्हणतात त्या वृत्तीला. काहीच पुरं नसतं, काहीच टिकत नाही, आणि त्यातच त्या वस्तूचं रूप असतं." मग मिस्त्रींच्या हातातला हातोडा काढून घेतलात. "आजपासून फोडायचं नाही. वाकडं चालेल. खोटं चालणार नाही."

अण्णा, त्या वाक्यावर मी तुमच्या मागे आले. शाळेत नोकरी मिळत होती ती सोडली. प्रत्येक बरणीत मिठाचं पाणी भरून तीन दिवस ठेवायचं, बाहेरून ओल दिसली तर ती बाजूला काढायची आणि बाकीच्यांच्या गळ्यात चिठ्ठी बांधायची, हे काम तुम्ही माझ्याकडे दिलंत. मी लिहायची, 'हिचा काठ डावीकडे कलला आहे, कापडाने तोंड बांधावे.' किंवा, 'हिच्या पोटावर आगीचा डाग आहे, तपासली आहे, गळत नाही.' तुम्ही एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचून माणसांना ऐकवायचात. मिरकरवाड्याच्या एक मावशी खारवलेल्या मासळीसाठी बरणी घ्यायला आल्या आणि सरळ नग बाजूला सारून म्हणाल्या, "ती तिरकी दे. चार घरांत गेली तरी माझी मला ओळखू येईल." त्या दिवशी तुम्ही सगळ्यांना चहा पाजलात. मे महिन्यात मुंबईची माणसं गावी आली की वाकड्या बरण्या आधी संपायच्या. महिन्यातून एकदा पेटणारी भट्टी दोनदा पेटायला लागली. मला स्थळं येत होती, मी नको म्हणत होते, आणि तुम्ही आईला सांगत होतात, "तिला काम सापडलंय, राहू दे."

मग चिपळूणच्या एका व्यापाऱ्यांची मोठी मागणी आली. लोणच्याच्या हंगामाआधी चारशे बरण्या हव्या होत्या. घाईत कच्च्या बरण्या पुरत्या सुकल्या नव्हत्या, तशाच भट्टीत गेल्या. उघडली तेव्हा कित्येकींच्या तळाला केसाएवढी चीर होती. रविवारी मला म्हणालात, "आईला हेदवीच्या गणपतीला घेऊन जा. कधीची म्हणतेय." आम्ही जयगडची खाडी लाँचने ओलांडून गेलो. आई दिवसभर खूश होती. मी देवापुढे त्या भट्टीसाठीच हात जोडले. सोमवारी कारखान्यावर आले तर बरण्या पेंढ्यात लावून तयार आणि दारात टेम्पो उभा. "मिस्त्रींनी तपासल्यात सगळ्या," तुम्ही म्हणालात, "तू फक्त चिठ्ठ्या लिही." मी लिहिल्या.

गणपतीच्या सुमारास पोफळीहून एक बाई एसटीने आल्या. त्यांचे यजमान तिथल्या वीजघरात कामाला होते. पिशवीत आमची बरणी होती आणि पिशवीला तेल पाझरलेलं. वर्षाचं लोणचं नासलं होतं. त्या भांडल्या नाहीत. चिठ्ठी माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "हे अक्षर तुमचंच ना? यावर विश्वास ठेवून घेतली हो मी." आमची बरणी गळणार नाही, असं मी तोऱ्यात सांगितलं. मग ती उपडी केली आणि केसांतल्या आकड्यानं तळ खरवडला. पांढऱ्या रंगाची खपली निघाली. खाली लाख भरलेली होती आणि तिच्या खाली चीर.

मिस्त्री मान वर करेनात. "मिया काय करू, ताई? मालकांनी सांगितल्यानी." मी तशीच बरणी घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही ती हातातही घेतली नाहीत. म्हणालात, "जपानातसुद्धा जोडतातच की." अण्णा, दुसरं काहीही म्हणाला असतात तर चाललं असतं. भीती वाटली म्हणाला असतात, या अकरा माणसांसाठी केलं म्हणाला असतात. पण ज्या गोष्टीवर मी माझी वर्षं ठेवली होती तीच तुम्ही ढाल म्हणून पुढे केलीत. मी म्हटलं, "तो जोड दाखवतो, तुम्ही लपवलात. आणि माझ्या अक्षराखाली लपवलात." तुम्ही म्हणालात, "तुला माहीत नव्हतं, तेच बरं होतं."

चार दिवसांनी ते व्यापारी स्वतः आले. गळक्या बरण्या त्यांनी शेडमध्ये सगळ्यांसमोर ओळीनं मांडल्या आणि विचारलं, हे तपासलं कुणी? तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "तपासणी मुलगी करते. लहान आहे, चुकली. माफ करा." मी पंचवीस वर्षांची होते. अकराही माणसांना खरं ठाऊक होतं आणि अकराही खाली बघत होती. व्यापारी मला म्हणाले, "शिकलेल्या मुलीकडून ही अपेक्षा नव्हती." मी एक शब्द बोलले नाही.

त्यानंतर मी चांगल्या बरण्या घेऊन एसटीने गावोगाव फिरले. ज्या घरांचा पत्ता लागला तिथून फुटक्या परत आणल्या आणि प्रत्येक दारात 'माझी चूक झाली' म्हटलं. काहींनी दार लावून घेतलं, काहींनी पाणी दिलं. तुमच्याशी मी कामापुरतंच बोलायची. आपण एकाच ताटाळ्यातली ताटं घेऊन एकमेकांकडे पाठ करून जेवलो. दोन वर्षांनी तुम्ही भट्टीच्या तोंडाशीच छातीला हात लावून बसलात आणि उठला नाहीत. माफी तुम्ही मागितली नाहीत, मीही मागू दिली नाही. पुढे भट्टी लहान करून मी ती पुन्हा उभी केली. तीन माणसं, थोडा माल, प्रत्येक नगाला खरी चिठ्ठी. लोकांना वाटतं, मी तुमचा विचार चालवते.

त्या दिवशी शेडमध्ये मी गप्प राहिले ती तुमच्या मानासाठी, असं आईला शेवटपर्यंत सांगत आले. मलाही तेच खरं वाटू लागलं होतं. हे पत्र कुणाच्या हाती पडणार नाही, म्हणून लिहिते. त्या सोमवारी एक बरणी उचलताना माझं बोट तिच्या तळाला जरासं चिकटलं होतं. लाखेचा वास आला. मी दाराबाहेर टेम्पोकडे बघितलं, बरणी पेंढ्यात परत ठेवली आणि पुढची चिठ्ठी लिहायला घेतली.